मिरच्यांसाठी उजेड

“दिवा कुठे लावायचाय ताई? हॉलमध्ये की बेडरूममध्ये?”

“मिरच्यांवर,” मी म्हटलं.

काउंटरमागचा दुकानदार थांबला. त्याने माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माझ्या सासूबाईंकडे, माईंकडे पाहिलं. सुनेचं डोकं ठिकाणावर आहे ना, असंच विचारत होता तो नजरेनं.

“खरंच सांगतेय ती,” माई म्हणाल्या. “मिरचीची रोपं करायचीत. घरात ऊन शिरत नाही.”

“मग असं सांगा ना! त्याच्यासाठी स्पेशल आहे आपल्याकडे.” त्याने स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा खोका काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि दिवा लावून दाखवला. काउंटर जांभळा झाला, दुकानदार जांभळा झाला, माईंचे पांढरे केस तर जांभळीच्या झाडाखाली बसल्यासारखे दिसायला लागले.

“अगं बाई! हे तर लग्नाच्या मांडवात लावतात तसलं,” माई म्हणाल्या.

“नाही मावशी, खास रोपांचाच आहे. परदेशात ह्याच्यावर शेती करतात.”

“किती उंचीवर लावायचा?” मी विचारलं.

“छताला लावा. सगळीकडे सारखा उजेड पडेल.”

परदेशाचं नाव काढलं की आपण माना डोलावतो. मीही डोलावली आणि तो दिवा घेऊन घरी आले.

आता ह्याला बारा वर्षं झाली असतील. नाशिकला आमचा तळमजल्यावरचा फ्लॅट. गॅलरीत माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, मिरच्या लावलेल्या. बी माईंच्या माहेरचं, सटाण्याकडचं; तिथली शेती केव्हाच विकलेली. मिरची बारीक, लांब, आणि तिखट म्हणजे काय! फोडणीत एक पडली की वरच्या मजल्यावर ठसका लागायचा. शिरीषचा जीव होता त्या कुंड्यांवर. ऑफिसातून आला की आधी मिरच्या, मग चहा, मग मी. मग समोरच्या मोकळ्या जागेत आठ मजली इमारत उठली आणि गॅलरीतलं ऊन गेलं. त्याच पावसाळ्यात शिरीषही गेला. छातीत दुखतंय म्हणाला आणि दवाखान्याच्या दारापर्यंतही पोचला नाही. कुंड्या कधी वाळल्या ते मला कळलंसुद्धा नाही.

पहिलं वर्ष सुतकातच गेलं म्हणायचं. दुसऱ्या वर्षी संक्रांत आली तेव्हा मात्र मला कळलं की माझं काय काय गेलंय. आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघरी हळदीकुंकू व्हायचं आणि त्यात सगळ्यांत मोठा आवाज माझा असायचा. निम्म्या जणींना उखाणे मी शिकवलेले. त्या वर्षी त्याच बायका जरीच्या साड्या नेसून माझ्या दारावरून जाताना पावलं हळू टाकायच्या, बोलणं थांबवायच्या. वाईट कुणीच नव्हतं हो. पण मला बोलवायचं कसं आणि न बोलवायचं कसं, दोन्ही त्यांना जमत नव्हतं. मी आत बसून दाराबाहेरच्या बांगड्या ऐकायची. मी मूळची तोंडाळ. असं गप्प बसून बसून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायला लागला.

पुढच्या नवरात्रात एकदा मी माईंना म्हणाले, “यंदा संक्रांतीला मी हळदीकुंकू करणार.”

माई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. शिरीष चौथीत असताना त्यांचं कुंकू गेलेलं. तेव्हापासून घरात हळदीकुंकू असलं की त्या स्वयंपाकघरात बसून हरभरे फोडणीला टाकायच्या, कॉफी उकळायच्या, आणि शेवटची बाई जाईपर्यंत बाहेर यायच्या नाहीत. कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या त्याच जायच्या आत.

“येतील का बायका?” एवढंच त्यांनी विचारलं.

“नाही कसं म्हणतील? वाण असं देईन की कुणाला नको म्हणता येणार नाही. शिरीषच्या मिरच्यांची रोपं. मसाल्याच्या डब्यात थोड्या वाळक्या मिरच्या आहेत अजून, त्यातलं बी काढू.”

माईंनी निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाल्या, “दे रोपं. पण कुंकवाच्या करंड्याला तू हात लावू नकोस. वरच्या अमृताला सांग लावायला. नवी सून आहे, आनंदानं लावेल.”

मी हो म्हटलं. तेवढ्यावर तोडगा निघत असेल तर निघू दे, असं वाटलं मला.

तर असा तो जांभळा दिवा आमच्या घरात आला. छताला टांगला. खाली टेबलावर चहाचे कागदी कप, प्रत्येकात माती, मातीत बी. दिवा विझवायचा नाही, असा माईंचा नियम. एकदा लावला की लावला, नंदादीपासारखा. आठवड्याभरात कोंब वर आले आणि काय विचारता, वाढायलाच लागले! रोज सकाळी बघावं तर बोटभर उंच. एके दुपारी लाइट गेली म्हणून आम्ही सगळे कप दाराशी उजेडात आणले. तेव्हा दिसलं की रोपं पिवळीधमक आहेत. जांभळ्यात रंगच कळत नव्हता.

मी जरा चपापले. पण माईंनी हात जोडले.

“बघ, बघ! देवीचा घट असाच येतो. उंच आणि पिवळा. आमच्या घरी एका वर्षी इतकं धान वाढलं होतं, सासरे म्हणाले होते सोन्याचं वर्ष येणार. शिरीषच देतोय गं हे.” आणि त्यांनी आत जाऊन हळदीकुंकू आणलं आणि प्रत्येक कपाला बोट लावलं.

त्यांच्या तोंडावर इतका आनंद मी किती तरी दिवसांत पाहिला नव्हता. मलाही तो खरा वाटला. आपण लहानपणापासून तेच बघतो ना, घटाचं धान जितकं उंच आणि पिवळं तितकं घरात बरकत. रोप म्हणजेही धानच की!

त्याच संध्याकाळी कुमुदताई आल्या. कुमुदताई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. ज्युनिअर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, आणि सोसायटीच्या सेक्रेटरी. त्या जिन्यातून उतरायला लागल्या की पोरं सायकली सरळ करून ठेवायची.

“तनुजा, तुमचा तो जांभळा उजेड रस्त्यापर्यंत येतोय,” दारातूनच त्या म्हणाल्या. “तीन जणांनी मला विचारलं, खैरनारांकडे चाललंय तरी काय. एक म्हणतो करणी, एक म्हणतो बार.”

“बार काढलाय, या ना, बसा,” मी म्हटलं. अशी माझी जीभ.

त्या आत आल्या आणि टेबलापाशी थांबल्या. चष्मा पुसला, पुन्हा लावला.

“ही रोपं कधीची?”

“बघा ना, काय तरारलीत!” माई कौतुकानं म्हणाल्या.

“तरारली नाहीत माई. उपाशी आहेत. ह्यांना उजेड पुरत नाहीये, म्हणून माना लांब करून शोधतायत बिचारी.”

“असं कसं? देवीचा घट असाच वाढतो.”

“घट नऊ दिवसांचा असतो. दहाव्या दिवशी आपण तो उपटून टोपीत खोचतो, केसांत माळतो. ह्यांना पुढे जगायचंय.”

माईंचा चेहरा उतरला. तो उतरलेला मला बघवला नाही आणि मी फाडकन बोलले, “तुम्हाला बोलायला काय जातंय? तुमच्या घरात दिवसभर ऊन आहे!”

कुमुदताईंनी टेबलावरचा एक कप सरळ केला. मग “बरं” म्हणाल्या आणि निघून गेल्या.

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी उठले तर निम्मी रोपं आडवी झालेली. दुपारपर्यंत सगळीच. बुंध्याशी दोऱ्यासारखी बारीक होऊन मोडली होती. वरच्या घरांतून ओवाळणीची गडबड ऐकू येत होती, हसणं, निरांजनं, “आता साडी हवी बरं का मला!” आणि मी ते कप एकात एक घालून कचऱ्याच्या डब्यात टाकत होते. मसाल्याच्या डब्यातल्या मिरच्यांचं सगळं बी मी पेरलं होतं. मागे एकही शिल्लक ठेवलं नव्हतं. शिरीषची मिरची आता जगात कुठेच नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. आईबापाला रडावं तसं मोठ्यानं रडले.

माई आत गेल्या. त्यांची ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात शिरीषचा रुमाल होता, गाठ मारलेला. त्यांनी तो माझ्या मांडीवर ठेवला. गाठ सोडली तर आत मिरच्या. काळपट लाल, कडकडीत वाळलेल्या, देठासकट. ओंजळभर असतील.

“ह्या कुठल्या?”

“त्याच. तो गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मसाला करायला म्हणून तू मला दिल्या होत्यास. मी बाजारातल्या आणून घातल्या.”

“आणि ह्या?”

“ठेवल्या.” त्या खाली बघत म्हणाल्या. “दुपारी तू झोपलीस की काढते. वास घेते. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं तर कुणी विचारत नाही.”

शिरीष गेल्यापासून दोन वर्षं आम्ही दोघीच एका घरात राहत होतो. मी माझं दुःख घरभर पसरून बसले होते आणि ह्या बाईनं आपलं रुमालात बांधून ट्रंकेत ठेवलं होतं.

“माई, नको. ह्याही गेल्या तर?”

“ट्रंकेत ठेवून तरी कुठे उगवणारेत?” त्यांनी एक मिरची उचलली आणि माझ्यासमोर मोडली. बी रुमालावर पडलं. “आता उठ. वर जा आणि कुमुदची माफी माग. तिला कळतं त्यातलं.”

माणूस आपल्याला काय देऊन जातं ते देताना कळत नाही म्हणतात. मला तेव्हाच कळलं. आजही मसाल्याचा डबा उघडला की मी मनातल्या मनात माईंच्या पायाशी वाकते.

वर गेले. कुमुदताईंनी दार उघडलं. मी म्हटलं, “चुकलं माझं. रोपं मेली. आता शेवटचं बी आहे.”

“चप्पल घाल,” त्या म्हणाल्या. “आणि तो दिवा काढून बरोबर घे. मी पर्स घेते.”

दुकानदारानं आम्हाला बघून पुन्हा जांभळ्या खोक्याकडेच हात नेला.

“तो नको,” कुमुदताई म्हणाल्या. “साध्या चार फुटी पट्ट्या दाखवा. एलईडी. दोन.”

“घ्या ना मॅडम, ह्यात वॉर्म आहे, सॉफ्ट आहे. डोळ्यांना बरं वाटतं.”

“डोळ्यांना नाही, पानांना हवंय. पांढरा द्या, दुपारच्या उजेडासारखा. आणि ह्या दिव्यात दम किती आहे ते खोक्यावर लिहिलेलं असतं, ते वाचू द्या आधी.” त्यांनी चष्मा कपाळावर चढवून चार खोके वाचले, दोन परत दिले, दोन ठेवले.

“पण जांभळा वाईट असतो का?” मी विचारलं. मला अजून त्या दिव्याचा राग होता.

“जांभळ्याचा काही गुन्हा नाही. चांगला, दमदार असता तर त्यावरही रोपं झाली असती. हा अगदीच मिणमिणता, आणि त्यात तुम्ही तो टांगलात छताला. शेकोटी अंगणात पेटवायची आणि शेकायला माडीवर बसायचं, त्यातली गत.” मग दुकानदाराकडे वळून, “हा परत घ्या.”

“मॅडम, वापरलेला माल…” तो म्हणायला लागला आणि एकदम थांबला. “बाई, तुम्ही ओळखलं नाहीत. माझी अर्चना तुमच्याकडे होती, अकरावीला.”

“ओळखलं की. बेडूक कापायच्या तासाला पळून गेलेली. तो तास माझा नव्हता, तरी शोधायला मलाच जावं लागलं. घेताय ना परत?”

घेतला त्यानं.

घरी येऊन त्यांनी आमचं जेवणाचं टेबल खालून न्याहाळलं आणि दोन्ही पट्ट्या फळीच्या खालच्या बाजूला बसवून घेतल्या. टेबलाखाली पाटांवर पाट रचले, सगळ्यांत वर कपांचा ट्रे. दिव्यापासून चार बोटं अंतर. “रोपं वाढली की एक पाट काढायचा. अंतर चार बोटंच राहिलं पाहिजे,” असं त्यांनी माईंना समजावलं. बी उगवेपर्यंत मात्र कप फ्रिजवर ठेवले, उबेला. नाशिकची थंडी पडायला लागली होती. आणि टेबलाखाली शेतीच असल्यामुळे आम्ही दोघी जमिनीवर बसून जेवायला लागलो. माईंना तेच आवडायचं पहिल्यापासून.

एका गोष्टीवर मात्र माई अडल्या. “रात्री बंद करायचा? लावलेला दिवा विझवायचा?”

“देवापुढचा नका विझवू. हा विझवा. रोपांनाही झोप लागते माई.”

ही रोपं काही केल्या उंच होईनात. बुटकी, जाड बुंध्याची, पानं हिरवीगार. मी खूश होते, माई नाखूश. “असली ठेंगणी रोपं वाणात द्यायची? नावं ठेवतील बायका.” कुमुदताई रोज संध्याकाळी खाली यायच्या आणि रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलका फिरवायच्या. वाऱ्यासारखं लागलं की बुंधा घट्ट होतो म्हणाल्या. थोड्या दिवसांनी ते काम माईंनी आपल्याकडे घेतलं. शाळेतून आलेल्या पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्या हात फिरवायच्या आणि काहीबाही पुटपुटायच्या. मी कधी ऐकायला जवळ गेले नाही.

संक्रांतीला रोपं जरा लहानच होती, म्हणून रथसप्तमी धरली. मी घरोघरी जाऊन आमंत्रण दिलं. बायका “हो हो, येऊ की” म्हणाल्या. पण त्या म्हणताना एकमेकींकडे बघत होत्या. रोपं तर जगली, आता ती घ्यायला कुणी येतंय का, हाच प्रश्न होता.

रथसप्तमीला चार वाजल्यापासून मी तयार होऊन बसले. ओळीनं रोपं मांडलेली, प्रत्येक कपाला लाल कागद. तिळगूळ, करंडा, अत्तरदाणी. माई सकाळपासून स्वयंपाकघरात. पाच वाजले, कुणी नाही. मग अमृताची सासू विद्याताई एकट्याच आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “अगं, अमृताला ताप आलाय. ती काही यायची नाही.” बोलताना त्या माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे बघत होत्या. ताप खरा होता की नव्हता, मी कधी विचारलं नाही.

तेवढ्यात जिन्यातून कुमुदताईंचा आवाज आला. “चला, चला, उतरा खाली! जी येणार नाही तिच्या घरचं उद्या पाणी बंद!” आणि त्यांच्यामागून सगळ्या बायका हसत हसत आत आल्या. गुरं वळून आणावीत तशा आणल्या होत्या त्यांनी. विद्याताईही मग आत आल्या. हॉल भरला. रोपं बघून सगळ्यांचं “अय्या, किती गोड!” सुरू झालं.

आणि मग सगळ्या एकदा करंड्याकडे, एकदा एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण हळदीकुंकू लावायचं होतं आणि ते कुणी लावायचं हे कुणालाच कळत नव्हतं.

“माझ्याकडे बघू नका,” कुमुदताई म्हणाल्या. “मला तर कुणी साधं बोलावतही नाही.”

दोघीतिघी हसल्या, पण लगेच थांबल्या. विद्याताई पुढे झाल्या. “मी लावते गं, आण इकडे,” असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. चांगल्या मनानंच केला. त्यात चुकीचं काही नव्हतं. मी करंडा उचलला आणि द्यायला निघाले. माझेच हात मला परक्याचे वाटत होते.

“थांब.”

माई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पदराला हात पुसत त्या सगळ्यांच्या मधून चालत आल्या आणि समोर मांडलेल्या पाटावर बसल्या. ह्या घरात त्यांना हळदीकुंकवाच्या पाटावर बसलेलं मी कधीच पाहिलं नव्हतं.

“लाव,” त्या मला म्हणाल्या.

मी हळद लावली. बोट कुंकवात घातलं आणि मला पुढे होता येईना.

“का थांबलीस?”

“माई, तुम्हीच म्हणाला होतात…”

“म्हणाले होते. चुकलं माझं.” त्यांनी पदर पसरला. “माझ्या लेकाच्या मिरच्या साऱ्या बिल्डिंगला वाटतेस आणि मला रिकामी आत बसवतेस होय?”

मी त्यांना कुंकू लावलं. इतक्या वर्षांत त्या कपाळाला कुंकवाचं बोट लागलं नव्हतं. मी त्यांच्या पदरात रोप ठेवलं. कुमुदताई चष्मा काढून पुसत बसल्या होत्या, पुसून संपतच नव्हता.

माई रोप सांभाळत उठल्या. ते बाजूला ठेवलं. मग माझ्या हातातला करंडा त्यांनी काढून घेतला.

“आता तू बस,” त्या म्हणाल्या.

मी बसले. माई वाकल्या आणि त्यांनी माझ्या कपाळावर कुंकू टेकवलं. मी उठून उभी राहिले तेव्हा विद्याताई पाटापाशी येऊन थांबल्या होत्या आणि त्यांच्यामागे बाकीच्या रांगेत उभ्या होत्या.